बंदी ओलांडणारं ॲप आलंय? आधी गळती तपासा

काळ्या दिनाच्या (१ नोव्हेंबर) आसपास बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘बंद साइट उघडणारी’ एपीके (अँड्रॉइड ॲपची) फाइल फिरू लागली, तर ती फोनमध्ये टाकू नका. इराणमधल्या सरकारविरोधकांसाठी बनवलेलं, बंदी ओलांडणारं हेस्टॅक हे सॉफ्टवेअर आठवा. बाहेरच्या तज्ज्ञांनी ते तपासल्यावर इतके दोष निघाले की सप्टेंबर २०१० मध्ये बंद करावं लागलं. तोवर लोक ते वापरत होते!

१. कोड खुला आहे आणि तिऱ्हाइताने तपासलाय, असंच ॲप घ्या, तेही अधिकृत ठिकाणाहून.

२. अशी ॲप बहुधा व्हीपीएन असतात, म्हणजे तुमचं नेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेतात. अँड्रॉइडमध्ये व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये ॲपपुढच्या गिअरवर टिचकी मारा. ‘ऑलवेज-ऑन’ आणि ‘ब्लॉक कनेक्शन्स विदाउट व्हीपीएन’ दोन्ही चालू करा. दुसरं राहिलं, तर व्हीपीएन तुटताच फोन गुपचूप उघड्या नेटवर जातो.

३. व्हीपीएन चालू ठेवून डीएनएसलीकटेस्ट डॉट कॉमवर ‘एक्स्टेंडेड टेस्ट’ करा. यादीत तुमच्या सिमकार्डाच्या कंपनीचं नाव दिसलं, तर गळती आहे: कुठल्या साइट उघडता ते कंपनीला कळतंय. ॲप काढून टाका.

४. सर्व्हर भारताबाहेरचा निवडा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या आदेशानुसार इथल्या व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नोंद ५ वर्षं ठेवावी लागते.

सावधान: व्हीपीएन असलं तरी व्हॉट्सॲप ग्रुपमधल्या इतरांना तुमचा नंबर दिसू शकतो.