गणपतीआधीची तयारी आणि तो एक कागद

सगळ्यात आधी कागद. पुढचं काही वाचलं नाहीत तरी चालेल, पण घरात सीओपीडीचं, म्हणजे फुप्फुसं कायमची खराब होऊन दम लागतो त्या आजाराचं, माणूस असेल तर या आठवड्यात त्यांच्या डॉक्टरांकडे जा आणि सही-शिक्क्यानिशी एक ओळ लिहून आणा: 'या पेशंटचा ऑक्सिजन ८८ ते ९२ टक्के ठेवावा.' हा आकडा म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, बोटावरच्या मशीनमध्ये दिसतो तो. तुमच्या माणसासाठी डॉक्टर वेगळा आकडा सांगतील तर तो. पण लिहून आणा. तोंडी नको.

आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, यांनी जन्मात विडी ओढली नाही. पन्नास वर्षं चुलीपुढे फुंकणी घेऊन बसल्या, पावसाळ्यात ओली लाकडं जाळून घरभराच्या आंघोळीचं पाणी तापवलं, त्यात फुप्फुसं गेली. गावात सगळे दमाच म्हणतात. गेल्या वर्षी गौरी आल्या त्या रात्री त्यांना धाप लागली. १०८ची गाडी आली. मी पिशवी भरली: साड्या, थर्मास, पैसे, आधार कार्ड, फोनचा चार्जरसुद्धा. फाईल माजघरातल्या कपाटात राहिली. गाडीत मास्क लावला, ऑक्सिजन सोडला, बोटावरच्या मशीनमध्ये ८२ चे ९९ झाले. ते ९९ बघून मी देवाला हात जोडले. रत्नागिरी दीड तासावर. वाटेत आई शांत झोपल्या, मला वाटलं आराम पडला. ती झोप नव्हती. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून गुंगी आली होती. तीन रात्री त्यांना बायपॅपवर, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणाऱ्या मशीनवर, ठेवावं लागलं. ८८ ते ९२ असं आदल्या वर्षीच्या डिस्चार्जच्या कागदावर स्वच्छ लिहिलेलं होतं, आणि तो कागद माझ्या कपाटात होता. गाडीतल्या माणसांना ते कळणार कुठून?

त्या वेळी मला जे माहीत नव्हतं ते सांगते. जुन्या सीओपीडीत काही जणांची फुप्फुसं कार्बन डायऑक्साइड नीट बाहेर टाकू शकत नाहीत. अशा माणसाला गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन मिळाला की फुप्फुसाच्या ज्या भागात हवा धड पोचत नाही तिकडेही रक्त वळतं, आणि हा वायू आणखी साठतो. डोकं दुखतं, माणूस असंबद्ध बोलतं, मग झापड येते. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात अँब्युलन्समधल्या पेशंटांवर याचा अभ्यास झाला, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. भरपूर ऑक्सिजन दिलेल्यांत शंभरात नऊ जण दगावले, मोजून दिलेल्यांत चार. मात्र हे वाचून कुणी घाबरून ऑक्सिजन बंद करू नका. ८८ च्या खाली राहणंही तेवढंच घातक. बंद करायचा नाही, मोजून द्यायचा. म्हणून कागद.

आता बाकीची तयारी. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, आणि आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात जोर धरतो, त्यामुळे मे महिन्यातच घेतलेली बरी. तेव्हा राहिली असेल तर गणपतीच्या निदान दोन-तीन आठवडे आधी घ्या. टोचल्यावर अंगात ताकद यायला दोन आठवडे जातात. गावातल्या मेडिकलमध्ये बहुधा नसते, आधी सांगून मागवावी लागते आणि थंडच आणावी लागते. घरात ऊठबस करणाऱ्यांनीही घ्या. न्यूमोनियाची लस वेगळी, ती दरवर्षी नसते, एवढं डॉक्टरांना विचारा.

औषधं महिनाभराची भरून ठेवा, हे सांगायला नको. पण कॅप्सूलच्या पंपाचं सांगते, कारण आपल्याकडच्या हवेत त्या कॅप्सूल सर्द होतात. पावडर आत चिकटून बसते, माणूस ओढतं आणि औषध आतच राहतं. डबी घट्ट लावा, चुलीजवळ किंवा न्हाणीजवळ ठेवू नका, ओढायच्या वेळेसच कॅप्सूल बाहेर काढा. फवाऱ्याच्या पंपावर आकडा असेल तर तो बघा, नुसता हलवून अंदाज घेऊ नका. या फवाऱ्याच्या पंपाला स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची पोकळ नळी, हवाच. दम लागलेल्या माणसाला दाबणं आणि ओढणं एकाच वेळी जमत नाही. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच वाळू द्या, फडक्याने पुसू नका. पुसल्यावर औषध प्लास्टिकला चिकटतं.

कागद झाला का? झाला असेल तर त्याच्या तीन झेरॉक्स काढा. एक प्लास्टिकच्या पिशवीत घालून ओटीवरच्या खुंटीला, दाराच्या अगदी शेजारी. एक आईंच्या बटव्यात. एक मुंबईला यांच्याकडे. आणि फोनमध्ये फोटो. कपाटात नाही. फाईलमध्ये नाही. फाईल घरी राहते.

घराचं बघा. श्रावणात भिंतींना बुरा येतो, आईंच्या खाटेमागची भिंत आधी पुसून घ्या, आणि पुसताना त्यांना पडवीत बसवा. ओले कपडे त्यांच्या खोलीत दोरीवर नकोत, चुलीवर तर नकोतच. माणसं वाढली की पाणी तापवायला चूल पेटते. गॅस संपला तरी चालेल पण तिच्या धुरात त्यांना बसवू नका. आईंना स्वतःलाच चुलीपाशी बसायची सवय, मोदक मीच वळणार म्हणतात. वळू द्या, पण ओटीवर.

लाईट जाणार हे धरूनच चाला. वादळ झालं तर किती दिवस जाते ते २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली-मंडणगडच्या लोकांनी भोगलंय. आईंना कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढून देणारं विजेवरचं मशीन, लागतो, मिनिटाला दीड लिटर. पाच लिटरचं मशीन साधारण साडेतीनशे वॅट खातं, घरचा इन्व्हर्टर त्यावर तीन-चार तास निघतो, बॅटरी जुनी असेल तर तेवढाही नाही. म्हणून ऑक्सिजनचा बी टाईप सिलिंडर भरून ठेवा. त्यात सुमारे दीड हजार लिटर असतो, दीड लिटरने सोळा तासांच्या आसपास पुरतो. नॉब आणि पाना सिलिंडरलाच बांधून ठेवा. आणि ऑक्सिजन चालू असताना समई, निरांजन, कापूर, आरतीचं तबक दहा फुटांच्या आत येता कामा नये. आरती घ्यायला पुढे यायच्या आधी नळी काढा, मशीन बंद करा. यात कुणाचंही ऐकू नका, भटजींचंही नाही.

चाकरमानी. हे अवघड आहे, तरी सांगावंच लागतं. गेल्या वर्षी धाकट्या दिरांचा मुलगा नाक गळत असताना आला आणि दोन दिवस आजीच्या मांडीवर होता. पोराला बोलणार कसं? या वर्षी ते मुंबईहून निघायच्या आठ दिवस आधी मी सगळ्यांना फोन करणार आहे: ज्याला सर्दी-ताप आहे त्याने मास्क लावायचा, आईंच्या खोलीत जायचं नाही, झोपायचं शेजारच्या घरी. जाऊबाई रागावतील, रागावू देत. धूप आणि अगरबत्त्यांचे जुडगे या वर्षी नाहीत, भजन अंगणातल्या मांडवात.

रोज सकाळी तीन गोष्टी विचारा: दम नेहमीपेक्षा जास्त लागतोय का, बेडका वाढलाय का, त्याचा रंग बदललाय का. पांढऱ्याचा पिवळा-हिरवा झाला की दगदगीने झालं म्हणून सोडून देऊ नका. मी दोन दिवस सोडलं. त्याच दिवशी फोन करा. अँटिबायोटिक आणि स्टेरॉईडच्या गोळ्या कधी सुरू करायच्या, किती दिवस, हे डॉक्टरांकडून आधीच त्याच कागदाच्या मागे लिहून घ्या. आमच्या डॉक्टरांनी स्टेरॉईड पाच दिवस लिहिलंय, त्यापुढे स्वतःहून वाढवायचं नाही. झोपेची गोळी किंवा झोप आणणारं खोकल्याचं औषध देऊ नका. बरं असताना ऑक्सिजन किती असतो तेही लिहून ठेवा. आईंचा ९० असतो, नव्या माणसाला तो बघून घाबरायला होतं.

रात्री नेऊ लागलात तर: १०८, पंप, स्पेसर, कागद. कपडे मागून येतात. गाडीत चढल्या चढल्या कागद हातात द्या आणि तोंडाने म्हणा, ८८ ते ९२. आकडा ९२ च्या वर गेला तर पुन्हा म्हणा. पेशंट झोपायला लागला तर हाक मारा, आणि नीट ओ देत नसेल तर लगेच सांगा. दवाखान्यात माणसं बदलली की पुन्हा दाखवा. मला आता संकोच वाटत नाही.

घरी आणल्यावर: पंपानंतर चूळ, आठवड्याभरात तपासणी, गोळ्यांचा हिशोब. नव्या डिस्चार्जवर आकडा वेगळा असेल तर तिन्ही झेरॉक्स बदला, फोनमधला फोटोही. खुंटीवरची आधी.