जुना ग्रेडर उभा करताना रंगाचा डबा शेवटी, आधी प्ले काढा

रस्ता सपाट करणारा जुना मोटर ग्रेडर विकत घेऊन दुरुस्त करायचा म्हणून बघायला गेलं की मालक आधी इंजिन चालू करून दाखवतो. मी आधी पहार मागतो. ब्लेड जमिनीपासून वीतभर वर ठेवायला सांगतो, इंजिन बंद करायला लावतो, पाय लांब ठेवून ब्लेडच्या एका टोकाखाली पहार घालतो आणि उचलून बघतो. टोक किती हलतं आणि खडखड कुठून कुठून येते, एवढ्यावरून यंत्राची निम्मी कुंडली कळते.

ग्रेडर म्हणजे शेवटी एक धार, आणि ती धार हवी तिथे धरून ठेवणारी सांध्यांची साखळी. ब्लेड ओढणाऱ्या ड्रॉबार या दांड्याच्या पुढच्या टोकाचा बॉल, ब्लेडचा कोन बदलणारं सर्कल म्हणजे मोठं दातेरी कडं, ते पेलणारे शूज म्हणजे आधाराचे ठोकळे, ब्लेड उचलणाऱ्या दांड्यांचे बॉल-सॉकेट, सर्कल फिरवणारं पिनियन म्हणजे छोटं दातेरी चाक. प्रत्येक ठिकाणी झिजेमुळे दोन-दोन मिलिमीटर सैलपणा, म्हणजे प्ले, असला तरी धारेपाशी तो सगळा जमा होतो. मग ते यंत्र रस्ता सपाट करत नाही, रस्त्यावर लाटा उठवतं. इंजिनाचं काम जाणणारे पुष्कळ भेटतात. हे काम मात्र मालकाने स्वतः शिकावं असं मला मनापासून वाटतं.

माझ्याकडे कॅटरपिलरचा नंबर १२ आहे, ८टी मालिकेतला. कॅटरपिलरने १९२८ मध्ये मिनियापोलिसची रसेल ही ग्रेडर बनवणारी कंपनी विकत घेतली, १९३१ मध्ये ‘ऑटो पॅट्रोल’ हा ग्रेडर आणला आणि १९३८ मध्ये नंबर १२. हे नाव पुढे अनेक वर्षं टिकलं, आतलं यंत्र मात्र बदलत गेलं. म्हणून पैसे देण्याआधी पाटीवरचा सीरियल नंबर सुरुवातीच्या ८टी, ९९ई अशा मालिकेच्या खुणेसकट उतरवून घ्या. ८टीचा पार्ट ९९ईला बसेलच असं नाही. पार्ट्स बुक घ्यायचं तेही त्याच मालिकेचं. अ‍ॅडम्स, गॅलिअन, ऑस्टिन-वेस्टर्न, चॅम्पियन यांपैकी दुसऱ्या कुठल्या कंपनीचा ग्रेडर घेतलात तरी नियम हाच.

घेण्याआधी आणखी एक काम करा. मागच्या चाकांच्या जोडीमधल्या टँडम पेटीत साखळ्या तेलात बुडालेल्या असतात. खालचा प्लग हळूच सैल करा. पाणी तेलाखाली बसतं, त्यामुळे आधी तेच बाहेर येईल. चार थेंब आले तर घाबरू नका. वाटीभर गंजकं पाणी आलं, तर साखळी आणि बेअरिंगं आतून बघितल्याशिवाय सौदा करू नका. गिअरबॉक्सचंही असंच बघा. इंजिनात पाणी तसंच राहून कधी गोठलं असेल तर ब्लॉक तडकलेला असू शकतो, तेव्हा बाहेरून वेल्डिंगच्या खुणा शोधा.

आता प्ले काढणं. माझी मुलगी पहार धरते आणि मी खडू घेऊन खाली वाकतो. सांध्याच्या दोन्ही भागांवरून एक सरळ रेघ ओढायची. पहार उचलली की रेघ तुटते, आणि तुटलेल्या दोन टोकांमधलं अंतर म्हणजे त्या सांध्याचा प्ले. ते तिथेच खडूने लिहून ठेवायचं. सगळे सांधे झाले की चोर कोण ते लिहिलेलंच असतं. माझ्या यंत्रात मी दोष सर्कलला देत होतो, पण सगळ्यात मोठा आकडा ड्रॉबारच्या बॉलपाशी निघाला. ती जागा पुढे, फ्रेमच्या खाली, चिखल आणि जुन्या ग्रीसच्या थराआड होती. थर खरवडून काढेपर्यंत तिथे टोपी आहे हेसुद्धा दिसत नव्हतं.

बॉलच्या टोपीखाली शिम, म्हणजे फट भरणाऱ्या पातळ पत्र्याच्या चकत्या, असतात. टोपीखाली हात घालण्याआधी ब्लेड आणि ड्रॉबार लाकडी ठोकळ्यांवर नीट टेकवा. यांत्रिक कंट्रोलच्या या जुन्या यंत्रांत ब्लेड वर्म गिअरवर, म्हणजे स्क्रूसारख्या दातांच्या गिअरवर, उचललं जातं. ब्लेडच्या वजनाने वर्म उलट फिरत नाही, त्यामुळे ब्लेड जिथे सोडलं तिथे राहतं, पण सत्तर वर्षांच्या दातांवर कोणी जीव ठेवू नये. बोल्ट सैल करा, दोन्ही बाजूंनी सारख्याच शिम काढा, पुन्हा आवळा, पहार लावून बघा. एका वेळी एकच शिम काढायची. प्ले गेला पाहिजे, पण बॉल आवळून बसता कामा नये, ग्रीसला जागा हवी. शिम संपल्या आणि प्ले उरलाच, तर सॉकेट खाल्लेलं आहे. ते वेल्डिंगने भरून मशीनवर उतरवून घ्यावं लागतं.

सर्कलला वेगळी काळजी लागते. ते सगळीकडे सारखं झिजत नाही. ब्लेड वर्षानुवर्षं ठरावीक कोनात चालतं, त्यामुळे सर्कलचा तेवढाच भाग खाल्ला जातो. त्या झिजलेल्या जागी शूज घट्ट बसवले, तर सर्कल फिरवताना जाड भागापाशी अडकतं आणि पिनियनचे दात धोक्यात येतात. म्हणून आधी सर्कल पूर्ण फिरवा, फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, सगळ्यात जाड जागा शोधा, आणि शूज त्या जागेला मोजून लावा.

ब्लेडच्या खालच्या कडेला बोल्टने लावलेली धारेची पट्टी, म्हणजे कटिंग एज, वेळेवर बदला. एज झिजून संपली की माती ब्लेडचाच पत्रा खाते, आणि तो भरून काढणं हे फार मोठं काम आहे. नवी एज मागवताना भोकांमधलं अंतर मोजून न्या.

इंजिन सुरू करण्याआधी इंधन पंपाचा रॅक, म्हणजे किती इंधन जायचं ते ठरवणारी दांडी, हाताने हलतो का बघा. वर्षानुवर्षं उभ्या यंत्रात तो चिकटलेला असतो. माझा मोकळा आहे असं मी धरून चाललो. डिझेल पेटलं आणि वेग चढतच गेला. एअर क्लीनरचा पाइप आधीच काढून फळी हाताशी ठेवली होती, ती हवेच्या तोंडावर दाबली तेव्हा इंजिन गप्प झालं. फळी जवळ नसती तर पुढचं सांगवत नाही.

माझं डिझेल छोट्या दोन सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाने सुरू होतं. त्याचं जुनं पेट्रोल काढून टाका, कार्ब्युरेटर उघडून धुवा, ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोचा स्पार्क निळा येतो का बघा. मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला हवेचा दाब, सोडून डिझेल इंजिन सावकाश फिरू द्या. छोट्या इंजिनाच्या धुराची ऊब मोठ्याच्या हवेच्या वाटेला मिळते आणि तेल सगळीकडे पोचतं. ऑइल प्रेशर दिसलं की कॉम्प्रेशन लावा आणि इंधन उघडा. इथे घाई करू नका.

लिव्हर मूठ आवळून धरू नका, तळहाताने ढकला. ब्लेड दगडावर आदळलं की यांत्रिक कंट्रोलचा लिव्हर उलटा फटका देतो आणि मनगट जायबंदी होतं. वेगळी कडी (रिंग) बसवलेल्या रिमचं टायर उघडण्याआधी व्हॉल्व्हचा कोअर काढून हवा पूर्ण सोडा. हवा भरताना ते पिंजऱ्यात ठेवा, समोर उभे राहू नका. जुन्या रंगात शिसं आणि जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून रंग कोरडा घासू नका आणि ब्रेकवर हवेचा झोत मारू नका.

रंगाची घाई नको. कॅटरपिलरचं यंत्र डिसेंबर १९३१ च्या आधीचं असेल तर त्याचा रंग करडा, पिवळा त्यानंतरचा. रंग मारण्याआधी प्रत्येक ग्रीस निपलवर कागदी टेप गुंडाळा. निपलात रंग गेला की तिथलं ग्रीस बंद होतं आणि प्ले पुन्हा सुरू होतो.

नवे शूज आणि आवळलेल्या टोप्या पहिल्या दहा-बारा तासांत जागेवर बसतात. तेवढं काम झालं की तीच पहार घेऊन पुन्हा खाली वाका. काढलेल्या शिम मी फेकत नाही. कुठल्या सांध्याच्या ते चिठ्ठीवर लिहून तारेत ओवतो आणि सीटमागच्या डब्यात ठेवतो.