रात्री पानं उभी राहिली म्हणून मरांट्याला पाणी घालू नका

दिवसा आडवी पसरलेली पानं रात्री आठ-नऊच्या सुमाराला हात जोडल्यासारखी उभी राहतात आणि त्यांची जांभळट पाठ दिसायला लागते. मरांटा, म्हणजे नर्सरीत ज्याला प्रेयर प्लांट म्हणतात ते झाड, घरात नवीन असलं की हे बघून काळजी वाटते. मलाही वाटली होती. शहापूरच्या आमच्या घरी मी रोज झोपायच्या आधी त्याला तांब्याभर पाणी घालत होते. सकाळी पानं पुन्हा पसरलेली दिसायची, त्यामुळे पाणी लागू पडलं अशी माझी खात्रीच झाली. दहा-बारा दिवसांनी खालची पानं पिवळी पडली, मातीला आंबूस वास येऊ लागला आणि खोड मुळाजवळ दाबून पाहिलं तर मऊ लागलं.

खानापूरहून मावशी आली होती. तिनं कुंडी बघितली आणि म्हणाली, "अगं, पाणी कशाला घालालीस? शेंगांचं रान रात्री बघितलं नाहीस काय कधी?" खरंच, भुईमुगाची पानं संध्याकाळी मिटतात. चिंचेची मिटतात, पावसाळ्यात रस्त्याकडेला उगवणाऱ्या टाकळ्याचीही मिटतात. त्यासाठी कुणी मोटर चालू करत नाही.

ही हालचाल कुठून होते ते एकदा जवळून बघा. देठ आणि पान जुळतात तिथं थोडासा फुगीर, गुळगुळीत सांधा असतो. त्याच्या एका बाजूच्या पेशींत पोटॅशियम शिरतं, त्यामागोमाग पाणी शिरतं आणि ती बाजू फुगते. त्याच वेळी समोरच्या बाजूच्या पेशी पाणी सोडून आकसतात, आणि पान वर उचललं जातं. सकाळी याच्या उलट होतं. 1729 मध्ये द मेराँ या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञानं लाजाळूसारखं झाड काळोखात ठेवलं, तरी त्याची पानं वेळेवर उघडत-मिटत राहिली. म्हणजे घड्याळ झाडाच्या आतच आहे. उजेड-अंधार ते फक्त रोज जुळवून देतात.

तहान आणि झोप यांत गल्लत होते, ती टाळायला पान सकाळी अकराच्या सुमाराला बघा, रात्री नको. झोपलेलं पान सांध्यातून उभं राहतं, पण पातं सपाटच असतं. तहानलेल्या पानाच्या कडा आत वळून त्याची लांबट सुरळी होते आणि ती भर दिवसाही सुटत नाही. कोवळं पान मात्र जन्मतःच सुरळीत असतं, त्याला हात लावू नका. बोटाचं एक पेर मातीत घाला. कोरडं लागलं तरच पाणी, तेही सकाळी. आपल्याकडे जून ते सप्टेंबर झड लागली की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही आणि कुंडी वाळतच नाही. तेव्हा 'दर तीन दिवसांनी' असला नियम पाळलात तर मुळं कुजणारच.

पानं हलतच नाहीत, ही दुसरी तक्रार. बहुतेक घरांत कुंडी हॉलमध्ये टीव्हीशेजारी असते आणि ट्यूब रात्री बारापर्यंत चालू. अशा ठिकाणी झाडाला रात्र कधी झाली ते नीट कळत नाही. आठनंतर अंधार होईल अशा खोलीत, पूर्वेच्या खिडकीपासून दोन-तीन हात आत कुंडी ठेवा. मूळ ब्राझीलच्या जंगलात हे झाड मोठ्या झाडांच्या सावलीत वाढतं, त्यामुळे थेट उन्हात त्याचा रंग उडतो. अगदी काळोख्या कोपऱ्यातही ते मरगळतं. नवीन आणलेल्या झाडाला दोन आठवडे द्या, आणि रोज जागा बदलू नका.

मिटलेलं पान बोटांनी उघडून बघायचा मोह मुलांना होतो. सांधा दुखावला की ते पान पुन्हा नीट हलत नाही.

डिसेंबर-जानेवारीत पारा 15 अंशांखाली गेला की रात्री खिडकी बंद ठेवा. पानांची टोकं करपत असतील तर आधी बोअरचं जड पाणी बंद करून पावसाचं साठवलेलं किंवा गाळलेलं पाणी घाला.

जाता जाता, आजारी माणसाला आपण जी आरारूटची लापशी देतो, ते आरारूटही मरांटा प्रजातीच्याच एका झाडाच्या कंदापासून काढतात.

मुळं कुजलीच असतील तर झाड मातीतून काढा, काळी मऊ मुळं कापा आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) व जाड वाळू मिसळलेल्या नव्या मातीत लावा. माझं मूळ झाड वाचलं नाही. एक टणक फांदी मात्र मी आधीच कापून काचेच्या पेल्यात ठेवली होती. तिला तिसऱ्या आठवड्यात पांढरी मुळं फुटली. काप गाठीच्या, म्हणजे खोडाला पान फुटतं त्या जागेच्या, जरा खाली घ्यायचा आणि गाठ पाण्यात बुडवायची, कारण मुळं गाठीतूनच फुटतात.