जॉन अ‍ॅलनसारखा रेल्वे लेआउट करायचाय? मग आधी या चुका टाळा

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी मला जॉन अ‍ॅलनच्या लेआउटचा, म्हणजे मॉडेल रेल्वेच्या मांडणीचा, एखादा जुना फोटो पाठवतं, दरीवरचा उंच पूल, त्यावर वाफेचं इंजिन, मागे थेट छतापर्यंत गेलेले डोंगर, आणि खाली प्रश्न असतो की सर असा करायचाय, हॉल बारा बाय पंधराचा आहे, दिवाळीपर्यंत होईल का. नाही होणार. पुढच्या दिवाळीपर्यंतही नाही होणार. पण हे सरळ सांगितलं की लोकांना वाईट वाटतं, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय, पुढच्या वेळी ही लिंक देऊन मोकळा.

ज्यांनी हे नाव ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जॉन अ‍ॅलन हा कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेचा फोटोग्राफर, जन्म १९१३ चा, हृदय लहानपणापासूनच कमजोर. १९४६ च्या सुमाराला त्याने गोरी अँड डॅफेटिड नावाची एक काल्पनिक डोंगरी रेल्वे एचओ स्केलमध्ये म्हणजे १:८७ मध्ये बनवायला घेतली आणि पन्नाशीच्या दशकात नवीन घरात गेल्यावर तीच रेल्वे अख्ख्या तळघरात पसरवली. जानेवारी १९७३ मध्ये तो हार्ट अटॅकने गेला, आणि त्यानंतर दहाएक दिवसांतच घराला आग लागून लेआउटही गेला. इतक्या वर्षांचं काम, पूर्ण व्हायच्या बेतात आलेलं. आज आपण जे बघतो ते बहुतेक फोटोच. आणि बहुतेक चुकांचं मूळ तिथंच आहे, कारण फोटोत डोंगर दिसतात, रुळाचे जोड दिसत नाहीत.

पहिली चूक, पहिलाच लेआउट खोलीभर काढणे.

अ‍ॅलनचा पहिला लेआउट किती मोठा होता माहितीय? साधारण साडेतीन फूट बाय पावणेसात फूट. म्हणजे आपल्याकडे मिळणाऱ्या आठ बाय चारच्या प्लायच्या शीटपेक्षाही लहान. त्यावर तो सोल्डरिंग शिकला, वायरिंग शिकला, डोंगर बनवायला शिकला, आणि गंमत म्हणजे तो तुकडा त्याने टाकून दिला नाही, पुढे तळघरातल्या मोठ्या लेआउटमध्ये जसाच्या तसा बसवला. आपल्याकडचा माणूस काय करतो, तर सुताराला बोलावून पूर्ण खोलीची फ्रेम एका आठवड्यात ठोकून घेतो, दोन स्टार्टर सेट मागवतो, एक गोल फिरवतो आणि मग समोर एवढा मोकळा प्लाय बघूनच त्याचा उत्साह मरतो. चार महिन्यांनी त्या प्लायवर इस्त्रीचे कपडे असतात. असे लेआउट मी पुण्यात पाहिलेत, नाशकात पाहिलेत, एक न्यू जर्सीतल्या मराठी माणसाच्या बेसमेंटमध्येही पाहिलाय, तिकडे फक्त कपड्यांऐवजी कॉस्टकोची खोकी होती. माझा आग्रह एवढाच असतो की एक लहान बोर्ड घ्या आणि तो पूर्ण करा. पूर्ण म्हणजे रूळ, वायर, झाडं, रंग, सगळं. पुढचा बोर्ड नंतर जोडता येतो.

आता माझी लाडकी चूक. आधी डोंगर, मग रूळ.

ठाण्यातल्या एका उत्साही गृहस्थाची गोष्ट सांगतो, थर्माकोलवर बंदी यायच्या आधीची आहे. गणपतीत पाहुणे येणार, त्यांना लेआउट दाखवायचा, म्हणून याने रूळ टाकले, एक इंजिन दोन डबे घेऊन एकदा फिरलं, झालं टेस्टिंग. लगेच चार फूट लांबीचा बोगदा, त्यावर थर्माकोलचा डोंगर, डोंगरावर पीओपी, त्यावर रंग, वर छोटंसं देऊळसुद्धा. दिसायला खरंच झकास, मी नाही म्हणत नाही. पण बोगद्याच्या आत वळणावर दोन फ्लेक्सिबल रुळांचा जोड होता आणि तो जोड सोल्डर न करता नुसता जॉइनरवर, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या पत्र्याच्या क्लिपवर, सोडलेला होता. वळणावर फ्लेक्सिबल रूळ सरळ व्हायला बघतो, त्याचा तो स्वभावच आहे, त्यामुळे जोडापाशी हळूहळू एक कोपरा तयार झाला. दोन डब्यांना तो चालून गेला. पाहुण्यांसमोर याने हौसेने आठ डबे लावले. गाडी बोगद्यात शिरली, आतून कड कड आवाज आला, शेवटचे दोन डबे बाहेर राहिले आणि गाडी काही पुढच्या तोंडाने आली नाही. हात घालावा तर कोपरापर्यंतच जातो. मग पडद्याचा रॉड आणला, त्याने ढोसून ढोसून एकेक डबा काढला, त्यात इंजिनाचा पँटोग्राफ मोडला, आणि एवढ्या वेळात पाहुण्यांची लहान मुलं आरती सोडून तिथंच गोळा झालेली. मला फोन आला तेव्हा माझा सल्ला एकच होता, डोंगर मागून काप. हॅक्सॉच्या पात्याने कापला शेवटी. देऊळ तेवढं वाचलं.

अ‍ॅलनच्या डोंगरांचं कौतुक करणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही की त्याचा लेआउट दाखवायला नव्हता, चालवायला होता. मित्रांची टोळी यायची, प्रत्येकाकडे आपापलं काम, टाइमटेबल, त्यावर जास्त वेगाने धावणारं खास घड्याळ, आणि खऱ्या रेल्वेसारखं शंटिंग, म्हणजे डबे जोडणं-सोडणं, हलवणं. रूळ त्याने हाताने टाकले होते. एवढ्या लोकांनी तासन्‌तास गाड्या चालवायच्या म्हणजे डबा घसरून चालणारच नाही. त्या पायावर डोंगर उभे होते.

माझी पद्धत अशी आहे, कुणाला पटो न पटो. वळणावर जोड येणार असेल तर दोन्ही रूळ आधी सरळ ठेवून सोल्डर करायचे आणि मग एकसंध वाकवायचे. प्रत्येक जोडावरून आतल्या बाजूने नख फिरवायचं, नखाला जे लागतं ते चाकाला लागणारच. गाल बोर्डाला टेकवून एका डोळ्याने रुळाच्या पातळीवरून बघायचं, वरून सरळ दिसणारा रूळ तिथून सापासारखा दिसतो. मग तुमच्याकडची सगळ्यात लांब गाडी उलटी, म्हणजे इंजिनाने ढकलत, सगळ्या पॉइंटवरून (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते तो सांधा) फुल स्पीडने न्यायची. पुढे ओढत नेलं की बरेच दोष झाकले जातात, ढकललं की सगळं बाहेर येतं. हे महिनाभर रोज, आणि त्यात एकही डबा घसरला नाही तरच पीओपीचं पोतं उघडायचं. आणि बोगदा कुठलाही असो, मागून किंवा खालून हात जायला जागा हवीच, कडेपासून साठ सेंटीमीटरपेक्षा आत मी पॉइंट कधीच टाकत नाही. लोक म्हणतात एवढा पेशन्स नाही. मग भिंतीवर पोस्टर लावा की राव, तेही छान दिसतं.

चढाचं गणित कुणीच करत नाही. एका रुळावरून दुसरा न्यायचा तर एचओमध्ये साधारण तीन इंच उंची लागते. दोन टक्के चढ धरला तर त्यासाठी दीडशे इंच, म्हणजे साडेबारा फूट नुसतं चढायला हवेत, आणि उतरायला तेवढेच वेगळे. आठ फुटी बोर्डावर सरळ जाऊन पूल होत नाही. चार टक्के केला तर इंजिन जागच्या जागी चाकं फिरवत बसतं आणि मग इंजिनाला शिव्या.

वळणाचंही तेच. स्टार्टर सेटमध्ये बहुतेक अठरा इंच त्रिज्येचं वळण येतं. राजधानीसारख्या गाड्यांचा लांब एलएचबी डबा १:८७ मध्ये जवळजवळ सत्तावीस सेंटीमीटरचा होतो, तो त्या वळणावर चालला तरी मधून आत आणि टोकांनी बाहेर एवढा लोंबतो की शेजारच्या रुळावरची गाडी आणि प्लॅटफॉर्मची कड दोन्ही खरवडून काढतो. अठरा इंचावर मालगाडीच्या छोट्या वाघिणी चालवा, मस्त दिसतात. राजधानी चालवायचा हट्ट असेल तर तीस इंचाच्या खाली येऊ नका. बाकी ब्रॉडगेज गाडी १६.५ मिमी रुंदीच्या, म्हणजे एचओच्या नेहमीच्या पण ब्रॉडगेजच्या मानाने अरुंद, रुळावर चालवतो म्हणजे गेज चुकीचं, हा वाद घालणाऱ्यांनी स्वतःचे रूळ स्वतः टाकावेत, मग बोलू.

डब्याचं वजन: अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची एचओसाठी शिफारस आहे एक औंस अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. त्या सत्तावीस सेंटीमीटरच्या डब्याला पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास होतं. हलके डबे घसरतात, रुळाला दोष देऊ नका. आत चिकटवायला बाइकच्या चाकाला लावतात ती बॅलन्सिंग वेट्स मी वापरतो.

सँडपेपरने रूळ घासणे. नका, नका, नका. रुळावर बारीक ओरखडे पडतात, त्यात घाण बसते, मग अजून घासता. लाकडाच्या ठोकळ्याला सुती कापड गुंडाळून आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) लावा, मोबाइल रिपेअरचं सामान मिळतं तिथे लिटरने मिळतं.

वायर दोनच ठिकाणी जोडून पूर्ण लेआउटला करंट पोचेल ही आशा सोडा. जॉइनरवर विसंबू नका, दर तीन फुटांना फीडर, म्हणजे रुळाला करंट देणारी वेगळी वायर. आणि सगळेच जोड सोल्डरही करू नका, पावसाळ्यात फुगलेला प्लाय थंडीत आकसतो, उन्हाळ्यात रूळ लांबतो, मग रूळ उचलला जातो. सरळ भागात अधूनमधून व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीची फट ठेवायची. प्लायच्या कडांना आणि खालच्या बाजूलाही रंग मारा, खालची बाजू सगळे विसरतात.

आता आरसे. अ‍ॅलन आरसे लावायचा आणि त्यामुळे लेआउट आहे त्यापेक्षा मोठा भासायचा, हे वाचून लोक ड्रेसिंग टेबलचा आरसा मागे उभा करतात आणि मग स्टेशनच्या मागे घरमालकाचा बनियन दिसतो. आरशाच्या चारही कडा इमारत, झाड, पूल यामागे लपल्या पाहिजेत, आरसा बोर्डाला अगदी काटकोनात हवा, आणि त्यासमोर पाटी ठेवायची नाही, अक्षरं उलटी दिसतात. जमत नसेल तर रंगवलेला पडदा बरा.

गंमतजंमत आधी करणारे वेगळेच. अ‍ॅलनच्या यार्डात एमा नावाची स्टेगोसॉरस होती, तेरा नंबरची, इंजिनाऐवजी डबे ओढायला. ते वाचून पोरं आधी डायनासोर आणतात, मग स्पायडरमॅन. त्याची एमा हसवायची कारण आजूबाजूचं सगळं काटेकोर होतं, मळलेले डबे, झिजलेली लाकडं, धुराने काळवंडलेल्या भिंती. तुमच्याकडे चकचकीत डब्याशेजारी डायनासोर म्हणजे खेळण्यांचं दुकान. मळवायला खडूची पूड आणि मऊ ब्रश घ्या, वरून मॅट वार्निश. काळा स्प्रे मारून गाडी जुनी होत नाही, जळालेली दिसते.

फोटो आणि वायरिंगचा नकाशा ठेवा, रोजच्या रोज. अ‍ॅलन धंद्यानेच फोटोग्राफर होता म्हणून आगीनंतरही आपल्याला त्याचं काम बघायला मिळतंय. तुमचा लेआउट घर बदलताना मोडेल तेव्हा कुठली वायर कुठे जात होती हे तुम्हालाही आठवणार नाही.

कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम बघून आलेले बाबा लोक विचारतात की सुरुवात नक्की कशाने करायची, खर्च किती. त्यांना मी अ‍ॅलनचंच दुसरं एक काम सांगतो, ज्याचे फोटो कुणी पाठवत नाही. टाइमसेव्हर. शंटिंगचं कोडं आहे, पाच पॉइंट, एक इंजिन, पाच वाघिणी, आणि ठरलेली वाघीण ठरलेल्या जागी कमीत कमी वेळात पोचवायची. चार-पाच फुटांच्या फळीवर मावतं, पलंगाखाली जातं, डोंगर लागत नाही, चढ लागत नाही. सगळ्यात महाग पडतात ते पॉइंट आणि इंजिन, त्यात कंजुषी करू नका, हळू वेगात न अडखळता चालणारं एकच इंजिन घ्या. वाघिणी सेकंडहँड चालतील, फक्त चाकांचं गेज तपासून घ्या आणि कपलर, म्हणजे डबे जोडणारे हुक, सगळ्यांचे एकाच जातीचे असू द्या.