दहा-पंधरा वर्षांनी परत रोडबाईक घेताय? मग हे बघून जा

२०१० च्या आसपासची सायकल माळ्यावर धूळ खातेय आणि आता परत हुक्की आलीय, तर लगेच दुकानात धावू नका. मधल्या काळात सायकली बदलल्यात आणि आपणही, पोटाकडे बघा की जरा.

आधी टायर. आपल्या वेळी २३ एमएमचे असायचे, ११० पीएसआय हवा ठासून भरायची आणि खड्ड्यातनं गेलं की दातावर दात आपटायचे. आता २८ म्हणजे नॉर्मल. रुंद टायर स्लो असतो हा समज खोटा निघाला, कारण खडबडीत रस्त्यावर कडक टायर नुसता उड्या मारतो आणि आपली ताकद त्यातच जाते. म्हणून दुकानदाराला पहिलं हेच विचारायचं, फ्रेममध्ये जास्तीत जास्त कितीचा टायर बसतो? ३२ बसत नसेल तर पुढची दाखवा म्हणायचं.

मग गिअर, इथे लोक उगाच लाजतात. जुन्या सायकलला पुढे ५३ आणि ३९ दातांच्या दोन चकत्या आणि मागे मोठ्यात मोठी २५ दातांची, म्हणजे सगळ्यात हलक्या गिअरलाही पेडलच्या एका फेरीत चाक दीड फेरीच्या वर फिरणार. त्यावर सिंहगड चढलोय मी, पण पंचविशीत, आता गुडघे ऐकत नाहीत. हल्ली पुढे ५०-३४ आणि मागे ३४ पर्यंत मिळतं, म्हणजे एकास एक, घाटात बसून चढता येतं. बिनधास्त घ्या.

साइजचं म्हणाल तर जुनी ५६ होती म्हणून नवीही ५६ असं नसतं, प्रत्येक कंपनीचं माप वेगळं. स्टॅक (फ्रेमची पुढची उंची) आणि रीच (पुढे किती लांब वाकायचं) हे दोन आकडे जुन्या सायकलशी ताडून बघा. कंबर आखडली असेल तर स्टॅक जास्त, रीच कमी, अशा सायकलींना एंड्युरन्स म्हणतात. आणि पार्किंगमध्ये दोन चकरा म्हणजे टेस्ट राइड नव्हे, अर्धा तास तरी चालवा, हाताला मुंग्या येतात का बघा.

ब्रेक डिस्कच, जमलं तर हायड्रॉलिक. कार्बनचा हट्ट नको, चांगली अल्युमिनियम फ्रेम, कार्बनचा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), शिमानोचा टियाग्रा किंवा १०५ गिअरसेट बास झाला, उरलेले पैसे टायरवर घाला.

पेडल बऱ्याचदा सोबत येतच नाहीत, तेव्हा जुन्या सायकलचे काढून ठेवा, आटे तेच असतात. फक्त डावं पेडल उलटं फिरवून निघतं, ते विसरून मी बोटं सोलून घेतलीयत.