घोड्याच्या व खेचराच्या दाढांची निगा

घोड्याची किंवा खेचराची दाढ वर्षाला साधारण २ ते ३ मिलिमीटर हिरडीबाहेर सरकते आणि चघळताना जवळपास तेवढीच झिजते. मात्र वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्याने वरच्या दाढांना गालाकडे आणि खालच्यांना जिभेकडे धारदार कडा येतात. माथेरानमध्ये रोज राबणाऱ्या जनावराने लगाम लागताच मान झटकली किंवा अर्धवट चघळलेल्या गवताचे ओले बोळे गव्हाणीत टाकले, तर त्याला हट्टी ठरवून मारू नये. बिचाऱ्याचे तोंड सोलवटलेले असू शकते. वर्षातून एकदा पशुवैद्यकाकडून तोंड तपासून घ्यावे व कडा कानशीने घासून घ्याव्यात.

एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल, तर वरच्या दाढेचे मूळ सडल्याची शंका घ्यावी. दाढ काढण्यापूर्वी क्ष-किरण चित्र घ्यावे लागते. मग गुंगीचे औषध देऊन, नस बधिर करून, जनावर उभे असतानाच दाढ चिमट्याने हळूहळू हलवून सैल केली जाते. घाईने ओढल्यास मूळ आत तुटते, म्हणून हे काम अडाणी हातात कधीही देऊ नये. धनुर्वाताची लस टोचलेली असावी. दाढ काढल्यावर पुढे तिच्यासमोरची, दुसऱ्या जबड्यातली दाढ झिजेअभावी वाढत जाते. ती दर सहा महिन्यांनी तपासावी.