कापडाच्या पासपोर्टआधी मागावरची तयारी

पहिली गोष्ट, कापडाचा डिजिटल पासपोर्ट, म्हणजे माल कशाचा आणि कुठून आला याची डिजिटल नोंद, आपण मागवाल्यांनी काढायची नाही. युरोपीय संघाचा नवा इकोडिझाइन कायदा १८ जुलै २०२४ पासून अमलात आहे. डिजिटल पासपोर्टची जबाबदारी त्याने तिकडच्या बाजारात माल आणणाऱ्यावर टाकली आहे. तो निर्यातदाराला विचारणार, निर्यातदार प्रोसेसवाल्याला (कापड धुऊन रंगवणाऱ्याला) आणि प्रोसेसवाला इचलकरंजीत आपल्याला. बॅटऱ्यांचा पासपोर्ट १८ फेब्रुवारी २०२७ पासून सुरू होतोय. कपड्यांचे नियम त्यांच्या आराखड्यात २०२७ साली धरले आहेत आणि ते आल्यावरही साधारण दीड वर्ष मिळतं. पण आज मागावर चढलेल्या बीमची, म्हणजे ताण्याचं (उभ्या धाग्यांचं) सूत गुंडाळलेल्या रुळाची, माहिती आजच लिहिली नाही, तर पुढे ती कुणाकडेच सापडत नाही.

म्हणून सुरुवात सुताच्या पोत्यापासून करा. पोत्यावरचा लॉट नंबर, गिरणीचं नाव, काउंट (सुताची जाडी) आणि मिश्रण यांचा पोतं फोडण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. बिलावर काउंट असतो, पण लॉट बहुतेक वेळा नसतो.

मग सायझिंग, म्हणजे ताण्याला खळ लावून बीम भरणं. माहितीचा धागा इथेच तुटतो. मागच्या लॉटचे शिल्लक कोन नव्या लॉटबरोबर क्रीलवर (कोन लावायच्या चौकटीवर) चढतात, दोन गिरण्यांचं सूत एकाच बीमवर येतं, आणि बीमला बांधलेल्या चिठ्ठीवर फक्त तार आणि मीटर उरतात. आमच्याकडे एकदा सूत कुठल्या गिरणीचं, एवढंच विचारलं होतं. चिठ्ठी तेलाने इतकी भिजली होती की अक्षर लागेना. दोन दिवस जुनी चलनं उपसली, तरी ताण्याचं अर्धंच उत्तर देता आलं. तेव्हा बीमला स्वतःचा नंबर द्या, तो वहीत आणि चिठ्ठीवर दोन्हीकडे लिहा, चिठ्ठी प्लास्टिकच्या पाकिटात घाला. लॉट मिसळले असतील तर दोन्ही नंबर लिहा. खळीत स्टार्च आहे की पीव्हीए (कृत्रिम रसायन), हेही सायझिंगवाल्याकडून लेखी घ्या, कारण प्रोसेस हाऊसमध्ये ती धुऊन सांडपाण्यात जाते.

मिश्रणाचे टक्के अंदाजाने सांगू नका. जुना शर्ट पानिपतला, जुन्या कपड्यांचं पुन्हा सूत करणाऱ्या कारखान्यांत, पोचला, की कापूस किती, पॉलिस्टर किती, त्यात इलॅस्टेन (ताणला जाणारा धागा) आहे का, यावर त्याचं पुन्हा सूत होणार की नाही हे ठरतं. तिथे लेबल फाटलेलं असतं. पासपोर्ट खरा उपयोगी पडतो तो तिथे कपडे निवडणाऱ्या माणसाला. सूत रिसायकल पॉलिस्टरचं म्हणून विकत असाल, तर गिरणीच्या भिंतीवरचं जीआरएस (रिसायकल मालाचं प्रमाणपत्र) पुरत नाही. त्या खेपेची टीसी, म्हणजे ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट, मागा.

खर्चीवर, म्हणजे व्यापाऱ्याचं सूत घेऊन मजुरीवर, विणणाऱ्यांनी व्यापाऱ्याकडून सूत उतरवून घेतानाच लॉट लिहून घ्यावा. आपली गिरणी कळली तर गिऱ्हाईक परस्पर जाईल, ही भीती मला रास्त वाटते. कायद्यात कुणाला काय दिसावं याचे वेगवेगळे हक्क ठेवायची सोय आहे, म्हणून माहिती देण्याआधी ती पुढे कुणाकुणाला दिसणार हे निर्यातदाराकडून लेखी घ्या. दर आणि मजुरी त्यात घालायचं काहीच कारण नाही.

सॉफ्टवेअर आत्ता घेऊ नका. एका एक्सेल शीटमध्ये तागा (विणलेल्या कापडाचा गठ्ठा) नंबर, बीम नंबर, सुताचा लॉट, चलन नंबर आणि तारीख असे पाच रकाने पुरतात. ते दिवाणजीकडून रोज संध्याकाळी भरून घ्या आणि महिन्यातून एकदा कुठलाही एक तागा उचलून त्याच्या पोत्यापर्यंत मागे जाऊन बघा.